हवा भरायचा पॅडलबोर्ड, बसलं की कयाक: घेण्याआधी लोक विचारतात ते प्रश्न

धरणाच्या काठावर बोर्डात हवा भरत उभं राहिलं की पाच मिनिटांत चार माणसं जमतात. ‘हे काय आहे?’, ‘केवढ्याला?’, ‘बुडत नाही का?’ आणि खुर्ची लावली की ‘अरे, ही तर होडी झाली!’ त्यांतल्या एकदोघांचा फोन आठवड्याभरात येतोच, घ्यायचाय म्हणून. दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय.

हा नक्की काय प्रकार आहे?

हवा भरायचा साधा पॅडलबोर्डच. त्यावर उभं राहून लांब दांड्याच्या एकाच पात्याच्या वल्ह्यानं पाणी मागे सारायचं. याच बोर्डवर चार कड्यांना पट्टे अडकवून पाठ असलेली सीट बसवली, वल्ह्याची मूठ काढून तिथे दुसरं पातं लावलं, की बसून दोन्ही बाजूंनी वल्हवता येतं. विकणारे याला ‘टू इन वन’ म्हणतात. खरं म्हणाल तर बोर्ड काही बदलत नाही, तुमची बैठक बदलते. कयाक म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्यानं बसून चालवायची अरुंद होडी. तिच्यात तुम्ही आत बसता, इथे वर बसता. बाजूला भिंती नाहीत, त्यामुळे वल्ह्यावरून ओघळणारं पाणी थेट मांडीवर येतं. पॅन्ट भिजणार. ते मान्य नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग सरळ हवेची कयाकच का घेऊ नये?

उभं राहायची हौस अजिबात नसेल तर जरूर घ्या. कयाकला बहुधा दोन बाजूंना आणि तळाला असे हवेचे वेगळे कप्पे असतात. एक फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. पॅडलबोर्ड बहुतेक वेळा एकच कप्पा असतो. कयाक लाटेत कोरडी राहते, सरळ चालते, सामान पोटात मावतं.

बोर्डच्या बाजूनं बोलायचं तर तो रिकामा करून गुंडाळायला दहा मिनिटं पुरतात. कयाकच्या सांदीकोपऱ्यांतलं पाणी पुसता पुसता संध्याकाळ होते. बोर्डवरून पाण्यात पडलं तर परत चढणं सोपं. पोहायला उडी मारायला, पोरांना डुंबायला, आडवं पडून आभाळ बघायला बोर्डच बरा. आणि बसून पाय आखडले की उठून उभं राहता येतं, हे सुख कयाकमध्ये नाही.

बोर्ड निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

सीट. जवळपास सगळे जण उलट करतात: बोर्डचा रंग, लांबी, सोबत येणाऱ्या वस्तू बघतात आणि सीट फुकट मिळतेय ना, एवढ्यावर खूश होतात. माझा अनुभव असा, की ज्यांनी ज्यांनी असा जोडबोर्ड घेतला ते पहिला महिना हौसेनं उभे राहिले आणि नंतर बहुतेक वेळ बसूनच फिरले. तेव्हा बसायचंच असेल तर बसण्यापासून सुरुवात करा.

सीटसाठी चार डी-रिंग, म्हणजे इंग्रजी ‘डी’च्या आकाराच्या कड्या, लागतात, दोन पुढे आणि दोन मागे. बोर्डवर डी-रिंग दिसतात म्हणून त्या सीटच्याच असतील असं नाही. पुढच्या टोकाकडच्या चार रिंगांवर सामान बांधायची लवचीक दोरी असते, तिचा सीटला उपयोग नाही. सीटच्या रिंगा मधल्या मुठीच्या आगेमागे, कडेला असायला हव्यात. मागची जोडी फार जवळ असेल तर पाठ टेकताच सीट मागे कलंडते. फार लांब असेल तर पट्टा पुरत नाही.

आता मधली मूठ. बोर्ड काखेत उचलण्यासाठी ती बरोबर तोलाच्या जागी शिवलेली असते आणि बसायची योग्य जागाही तिच्या आसपासच येते. ही मूठ जाडजूड, उंच असेल तर अर्ध्या तासानं ती तुम्हाला नेमकी कुठे टोचते ते सांगायला नको. चपट्या पट्ट्याची, दाबली की बसणारी मूठ बघा. सीटचा तळ किमान तीन-चार सेंटिमीटर जाड फोमचा असेल तर हा प्रश्न बराचसा मिटतो.

सीटची पाठ हातानं दाबून बघा. हात लावताच वाकणारी पाठ म्हणजे शोभेची वस्तू. पाठ ताठ हवी आणि कमरेच्या मागे नीट टेकायला हवी. क्लिप प्लॅस्टिकच्या असतील तर खाऱ्या पाण्यात उलट बऱ्या, हलक्या प्रतीच्या धातूच्या क्लिप एका मोसमात गंजून अडकतात. स्टेनलेस असेल तर प्रश्नच नाही.

पाय टेकवायला काही आहे का, हेही बघा. हे बहुतेक संचांत नसतं आणि त्याची उणीव खूप जाणवते. पायाला आधार नसला की दर दोन मिनिटांनी माणूस सीटवरून पुढे घसरतो आणि पुन्हा मागे सरकतो. स्वस्तातला उपाय म्हणजे पुढच्या दोन रिंगांमध्ये रुंद पट्टा ताणून बांधायचा आणि टाचा त्याला लावायच्या. मात्र पाय त्यात अडकवायचे नाहीत, नुसते टेकवायचे.

माझ्याकडे साधा बोर्ड आहे. त्याला सीट लावता येईल?

येते. पीव्हीसीच्या गोल ठिगळावर शिवलेल्या डी-रिंग सुट्या मिळतात. आधी सीट बोर्डवर ठेवून, बसून, जागा पेन्सिलीनं आखून घ्या. जागा घासून स्वच्छ करा, पीव्हीसीच्या फुगवायच्या बोटींसाठीचा गोंद दोन्ही बाजूंना लावा, चिकट होऊ द्या आणि मग दाबा. पूर्ण चोवीस तास हात लावू नका. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत गोंद धरत नाही. झटपट चिकटणारा गोंद तर नकोच. तो कडक होतो, बोर्ड वाकला की टवका उडतो.

रुंदी किती असावी?

इथे दोन इच्छा एकमेकींच्या मुळावर येतात. उभं राहायला रुंद बोर्ड स्थिर, म्हणून नवशिक्यांना ३४ इंच दिला जातो. पण बसल्यावर हीच रुंदी आड येते. तुम्ही बोर्डच्या मधोमध, हात दोन्हीकडे, आणि वल्हं पाण्यापर्यंत नेताना दर फेरीला कडेवर ठक. तासाभरात मनगटं भरून येतात.

मध्यम अंगाच्या माणसानं ३२ इंच धरून चालावं. वजन नव्वदच्या पुढे असेल किंवा तोल जातो अशी भीती असेल तर ३३-३४ घ्या, पण मग वल्हं लांब लागेल. ३० इंचाचा बोर्ड बसून छान पळतो, त्यावर उभं राहायला मात्र सवय हवी.

आणि जाडी, लांबी?

बाजारात मुख्यतः १२ आणि १५ सेंटिमीटर जाडीचे बोर्ड दिसतात, म्हणजे पावणेपाच आणि सहा इंच. सगळे १५ घ्या म्हणतात, कारण तो ताठ राहतो. उभं राहणाऱ्याला ते पटतंच. पण बसणारा १५ वर बसला की सीटची जाडी धरून पाण्यापासून चांगलाच उंच जातो. तोल थोडा हलतो, वारा जास्त लागतो, वल्हं जास्त कलतं करावं लागतं. तुमचं वजन सत्तरच्या आत असेल आणि तुम्ही बहुतेक बसूनच फिरणार असाल तर चांगल्या प्रतीचा १२ सेंटिमीटरचा बोर्ड तुम्हाला अधिक मानवेल. त्याहून जड असाल तर १५.

लांबी साडेदहा ते साडेअकरा फूट. आखूड बोर्ड वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला नाक इकडेतिकडे फिरवतो. बसून दोन्ही बाजूंनी वल्हवताना हे डोलणं कमी होतं, तरी सरळ जाणं शेवटी लांबीवर आणि फिनवर, म्हणजे तळाला मागे लावायच्या परावर, आहे.

खोक्यावर ‘१५० किलो’ लिहिलंय. म्हणजे आम्ही दोघं बसू शकतो?

तरंगाल. फिरता येईलच असं नाही. साडेदहा फुटी, ३२ इंची, सहा इंची बोर्डचं आकारमान अंदाजे तीनशे लिटर भरतं, त्यामुळे दीडशे किलोला तो बुडत नाही. पण छापलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशापुढे गेलात की बोर्ड पाण्यात बसतो आणि म्हशीसारखा चालतो. दोन मोठ्यांना दोन सीट लावून फिरायचं तर १२ फुटांच्या वरचा, दोन सीटच्या रिंगा असलेला बोर्ड लागतो. साडेदहा फुटीवर दुसरी सीट लावली तर मागच्याचे पाय पुढच्याच्या पाठीत.

एक लहान मूल पुढे बसवून मात्र मजेत फिरता येतं. त्याच्या वजनानं नाक खाली जातं, म्हणून आपली सीट वीतभर मागे घ्यायची. मुलाच्या लाइफ जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. नाहीतर पाण्यात जॅकेट वर जातं आणि मूल खाली. कुत्र्याबद्दलही विचारतात. नखांनी बोर्ड फाटत नाही. पण काठावर दुसरा कुत्रा दिसला की तुमचा कुत्रा उडी मारतो आणि तुम्ही त्याच्या मागोमाग.

सोबत येणारं जोडवल्हं चालतं का?

चालतं, पण यातच सगळ्यात जास्त कसर केलेली असते. उभ्याच्या वल्ह्याचं पातं दांड्याशी थोडा कोन करून पुढे झुकलेलं असतं. कयाकच्या वल्ह्याची पाती दांड्याच्या रेषेत असतात. जोडवल्हं ही तडजोड आहे. दोन्ही पाती एकाच दिशेला झुकलेली आहेत ना, हे दर वेळी दांड्यावर एक डोळा मिटून बघावं लागतं. चुकून एक उलटं लागलं तर बोर्ड एका बाजूलाच ओढतो आणि आपण मात्र वाऱ्याला दोष देत बसतो.

लांबीचा हिशोब असा: उभं राहून चालवताना वल्हं आपल्या उंचीपेक्षा १५ ते २५ सेंटिमीटर जास्त. बसून चालवताना ३२ इंची बोर्डवर निदान २३० सेंटिमीटर, ३४ इंचीवर २४०-२५०. संचातलं जोडवल्हं अनेकदा २१०-२२० च्या आसपासच थांबतं. म्हणून घेताना दुकानदाराला ‘कयाक करून किती लांब होतं?’ एवढं विचारा. तो मोजून सांगेल किंवा गप्प बसेल, दोन्हींतून कळतं.

ॲल्युमिनियमचा दांडा जड आणि हिवाळ्यात सकाळी गारेगार, पण दगडावर आपटला तरी टिकतो. फायबरग्लास मधला मार्ग. कार्बन हलका, दिवसभर वल्हवणाऱ्याला खांद्यात फरक कळतो. पैसे थोडेच असतील तर भारी बोर्डपेक्षा बरं वल्हं घ्या, कारण वजन तुम्ही त्याचं उचलता, बोर्डचं पाणी उचलतं. आणखी एक: दांड्याच्या जोडांना छिद्रं असतात, त्यांतून आत पाणी शिरलं तर वल्हं हळूहळू बुडतं. बादलीत नाही, काठाजवळच्या उथळ पाण्यात टाकून आधी बघा.

एकपदरी, दुपदरी, ‘ड्रॉप-स्टिच’ म्हणजे काय?

बोर्डच्या वरच्या आणि खालच्या कापडाला आतून हजारो पॉलिएस्टर धागे जोडलेले असतात. म्हणून हवा भरल्यावर तो फुग्यासारखा गोल न होता फळीसारखा सपाट राहतो. हीच ड्रॉप-स्टिच. तिच्यावर पीव्हीसीचा एक थर दिला की एकपदरी, दुसरा थर चढवला की दुपदरी. एकपदरी स्वस्त आणि हलका, पण मधे बसलं की केळ्यासारखा वाकतो. वाकला की टोकं वर येतात आणि बोर्ड पाण्यावर रेंगाळतो. कारखान्यातच दुसरा थर उष्णतेनं दाबून बसवलेले बोर्ड हाताच्या गोंदकामापेक्षा हलके आणि नीटस असतात.

दुकानात परीक्षा सोपी आहे. पूर्ण हवा भरलेल्या बोर्डची दोन टोकं दोन स्टुलांवर ठेवायला सांगा आणि मधे बसा. दुकानदार नाही म्हणाला तर का नाही म्हणाला ते समजून घ्या.

हवा किती भरायची आणि कशानं?

बहुतेक बोर्डांवर १२ ते १५ पीएसआय लिहिलेलं असतं. पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. व्हॉल्व्हशेजारी छापलेला सर्वात जास्त दाबाचा आकडा ओलांडायचा नाही. १५ पीएसआय म्हणजे साधारण एक बार. गाडीच्या टायरमध्ये याच्या दुप्पट असतो, पण टायर छोटा आणि बोर्ड केवढा!

सोबतचा हातपंप दुहेरी असतो, दांडा वर ओढतानाही हवा जाते आणि खाली दाबतानाही. सुरुवातीला भराभर जाते पण काटा जागचा हलत नाही. पंप बिघडला असं वाटून लोक फोन करतात. बिघडलेला नसतो. बोर्ड पूर्ण फुगेपर्यंत आत दाबच नसतो, काटा काय दाखवणार? दहा पीएसआयनंतर पंपाची एक बाजू बंद करून फक्त खाली दाबताना हवा जाईल असं करा. शेवटचे पाच पीएसआय म्हणजे व्यायामशाळा. अंगाचं वजन टाकून दाबायचं, दंडाच्या जोरावर नाही.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा विजेचा पंप दहा-पंधरा मिनिटांत काम करतो. इंजिन चालू ठेवा, नाहीतर परत येताना धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. टायरमध्ये हवा भरायचा छोटा इन्फ्लेटर नको. तो दाब भरपूर देतो, हवा चिमूटभर. या बोर्डात १५ पीएसआयला बाहेरची सहाशेएक लिटर हवा कोंबायची असते, तोवर तो तापून बंद पडतो.

व्हॉल्व्हची गंमत सांगतो. आतली पिन वर असेल तर हवा आत जाते, बाहेर येत नाही. पिन दाबून पाव फेरा फिरवली की खाली अडकते आणि वाट मोकळी. पहिल्या वर्षी पवनेच्या काठावर मी वीस मिनिटं घाम गाळला, काटा चौदावर आणला, ऐटीत नळी काढली. पिन खाली. भस्सकन असा आवाज झाला की शेजारच्या चादरीवर बसलेल्या आजींच्या हातातला चहा सांडला. ‘टायर फुटला का रे बाळा?’ त्या म्हणाल्या. ‘नाही आजी, मीच फुटलो,’ म्हटलं आणि पुन्हा पंपाला लागलो. तेव्हापासून नळी लावण्याआधी पिनवर बोट ठेवून बघतो.

उन्हात फुटतो म्हणतात, खरं का?

चांगला बोर्ड लगेच फुटत नाही, पण शिवणी आणि गोंद ढिला पडतो. हिशोब करून बघा: सकाळी २८ अंशांना १५ पीएसआय भरला आणि बोर्ड काठावर उन्हात ६० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब १८ च्या वर जातो. एप्रिलच्या उन्हात गडद रंगाचा बोर्ड एवढा सहज तापतो. जेवायला बसताना बोर्ड पाण्यात ठेवा किंवा सावलीत, आणि दोन-तीन पीएसआय सोडून द्या. याच्या उलटही होतं. उन्हात भरलेला बोर्ड गार पाण्यात उतरवला की दहा मिनिटांत मऊ लागतो. गळती समजून घाबरू नका. पाण्यात थोडा वेळ ठेवून मग काठाशीच दाब बघा.

फिन किती लागतात?

बसून सरळ जायचं तर मधली मोठी फिन हवी, नऊ इंचांच्या आसपासची. बाजूच्या दोन लहान फिन बोर्डला कायमच्या चिकटवलेल्या असतील तर त्या मऊ रबरी आहेत ना बघा, कडक असतील तर गुंडाळताना त्रास. एप्रिल-मेमध्ये धरणाची पातळी उतरते, बुडालेल्या झाडांचे खुंट आणि जुने बांध हातभर पाण्याखाली येतात. अशा वेळी चार-पाच इंची लवचीक फिन लावा. पूर्ण फिन खुंटाला अडली की बोर्ड जागच्या जागी थांबतो, आपण थांबत नाही.

फिन स्क्रू आणि चपट्या नटनं बसत असेल तर दोन जादा नट जवळ ठेवा. तो नट वाळूत पडला की गेला.

पोहता येत नाही. बसूनच जायचंय, मग चालेल ना?

बसल्यानं पडण्याची शक्यता कमी होते, बुडण्याची नाही. लाइफ जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले. बोर्डच्या दोरीखाली खोचून ठेवलेलं जॅकेट फोटोपुरतं. जॅकेटची पाठ खालून आखूड असेल असं घ्या, कारण लांब पाठ सीटवर टेकून जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकतं.

पहिल्या दिवशीच छातीभर पाण्यात मुद्दाम पडा आणि परत चढा. सीट लावलेली असताना चढणं वेगळं असतं, पट्टे आणि पाठ आड येतात. मधली मूठ किंवा पलीकडची कड धरायची, पाय मागे पाण्यावर आडवे आणून लाथा मारायच्या आणि पोटावर सरकत वर यायचं. सीट आडवी येत असेल तर तिच्या पुढच्या बाजूनं चढा. हे काठाजवळ दहादा जमल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका.

लीश, म्हणजे तुम्हाला बोर्डला बांधणारी दोरी, कुठे बांधायची यात जीवनमरणाचा फरक आहे. संथ तलावात घोट्याला किंवा पोटरीला गुंडाळीदार लीश ठीक. वाहत्या नदीत आणि खाडीत कमरेला, ओढताच सुटणाऱ्या बकलाची. पाण्याखालच्या फांदीत, खुंटात, जाळ्यात दोरी अडकली आणि प्रवाह ओढत असला, तर घोट्यापर्यंत हात पोचत नाही.

नदीवरच्या बंधाऱ्यांबद्दलही सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये वेल्समधल्या हॅव्हरफर्डवेस्ट गावी क्लेडाऊ नदीवरच्या छोट्या बंधाऱ्यावरून पॅडलबोर्डवाल्यांचा एक गट खाली गेला आणि चौघांचा जीव गेला. नदीला पाणी वाढलेलं होतं. असे ठेंगणे बंधारे वरून येणाऱ्याला दिसतच नाहीत, पाण्याची सरळ रेष दिसते आणि खाली पडल्यावर भोवरा माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतो. आपल्याकडे कृष्णा, पंचगंगा, भीमा या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे थोड्या थोड्या अंतरावर आहेत. बरगे, म्हणजे पाणी अडवायला खांबांमध्ये बसवलेल्या फळ्या, काढलेले असले तरी खांबांमधून पाणी जोरात ओढतं. नदीत उतरण्याआधी वरच्या आणि खालच्या अंगाला पुढचा बंधारा कुठे आहे ते पायी जाऊन बघा, गावात विचारा.

महाराष्ट्रात, गोव्यात चालवायचा कुठे?

सुरुवात वारा कमी असलेल्या साठलेल्या पाण्यात. पवना, मुळशी, भंडारदरा, तापोळ्याचा शिवसागर ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण धरणाचं पाणी बहुतेक ठिकाणी जलसंपदा विभागाचं, काही ठिकाणी पिण्याचं, आणि कुठे उतरू देतात, कुठे नाही, हे ठिकाणागणिक वेगळं. भिंत आणि सांडव्याकडे फिरकायचंच नाही. काठावरच्या ज्या मुक्कामाच्या जागांकडे बोटिंगची परवानगी आहे, तिथे विचारून उतरणं सगळ्यात सुटसुटीत. स्वतःचा बोर्ड असला तरी चालतो का, एवढं आधी फोनवर विचारा.

गोव्यात नेरूळ, साळ, शापोरा या नद्यांच्या मुखाजवळचं पाणी सकाळी काचेसारखं असतं. तारकर्लीला समुद्र आणि कर्ली नदी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नवख्यानं खाडीच्या बाजूनं उतरावं. मात्र देवबागच्या संगमाकडे ओहोटीच्या वेळी जाऊ नये. खाडीचं सगळं पाणी तिथून बाहेर पडत असतं आणि बोर्ड त्याच्याबरोबर. साधा नियम: जाताना पाण्याच्या विरुद्ध, येताना पाण्याबरोबर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ वाढते, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत कमी असते. पहिल्यांदा जाताना भांगाचे दिवस बघूनच जा.

वाऱ्याचं गणित आणखी फसवं. थंडीत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी गुळगुळीत दिसतं, आणि तोच वारा तुम्हाला नकळत बाहेर नेतो. दुपारी खारा वारा सुटतो, लाटा उठतात. बसलेला माणूस उभ्यापेक्षा वाऱ्याला कमी सापडतो, म्हणून वारा वाढला की आधी खाली बसा. जोडबोर्डचा हा खरा फायदा, जाहिरातीत मात्र कुणी सांगत नाही.

मालवणात एकदा मी बोर्ड डोक्यावर घेऊन निघालो होतो. जाळं विणत बसलेल्या काकांनी वर बघितलं. ‘ह्यां काय? गादी घेवन खंय चललास?’ मी म्हटलं, ‘काका, जरा पलीकडे जाऊन येतो.’ त्यांनी आभाळाकडे नाही, माडाच्या झावळ्यांकडे बघितलं. ‘अकराक वारो येतलो. धाक परत ये.’ म्हणजे दहाला परत ये. अकराला दहा कमी असताना वारा आला. मी साडेदहालाच काठावर होतो, तेही धापा टाकत. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिच्या आड जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, हेही त्यांनीच सांगितलं.

पावसाळ्यात समुद्र आणि खाडी बंद समजा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. ट्रॉलर जिथे जात नाहीत तिथे आपली गादी कशाला?

विमानानं किंवा परदेशात घेऊन जायचा तर?

गुंडाळलेला बोर्ड, पंप, वल्हं, सीट मिळून पिशवी १२ ते १५ किलोंची होते. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेकदा १५ किलोच सामान चालतं, तेव्हा कपडे पाठीवरच्या पिशवीत. अमेरिकेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, की २००८ साली तिथल्या तटरक्षक दलानं पोहण्याच्या आणि लाटांवर खेळण्याच्या राखीव पट्ट्याबाहेर पॅडलबोर्डला ‘नौका’ ठरवलं. म्हणजे माणशी एक लाइफ जॅकेट आणि शिट्टी हवीच. इंग्लंडात कालवे आणि बऱ्याच नद्यांवर चालवायला परवाना लागतो. तो ‘पॅडल यूके’ या संस्थेच्या सभासदत्वाबरोबर मिळतो.

घरी कसा ठेवायचा?

खाऱ्या पाण्यातून आला की गोड्या पाण्यानं धुवा, सीटच्या क्लिप आणि व्हॉल्व्ह विसरू नका. सावलीत पूर्ण वाळवा. जागा असेल तर थोडी हवा ठेवून पलंगाखाली सरकवा, नसेल तर सैल गुंडाळा. ओला गुंडाळून जूनमध्ये माळ्यावर टाकला तर गणपतीत उघडताना फोमवर बुरशीची नक्षी दिसते. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर ठेवू नका. आणि उंदीर. पीव्हीसी त्यांना का आवडतं कळत नाही, पण माझ्या पिशवीचा कोपरा त्यांनी कुरतडला होता, बोर्ड घडीतल्या एका इंचानं वाचला. आता पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो.

जुना, वापरलेला घ्यावा का?

घ्यावा, हौस दोन महिन्यांत फिटलेल्यांचे बोर्ड अगदी नव्यासारखे मिळतात. पूर्ण दाब भरायला लावा, एक रात्र तसाच ठेवायला सांगा, सकाळी काटा बघा. व्हॉल्व्हभोवती आणि कडेच्या शिवणीवर साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले तर पान्यानं आवळून बहुतेकदा भागतं. शिवणीतून आले तर नमस्कार करून निघा. डी-रिंग एकेक करून दोन्ही हातांनी ओढून बघा, ठिगळाची कड कुठे उचललेली नाही ना. मग सीट लावून, फरशीवर खाली चादर टाकून, फिन काढून, त्यावर वीस मिनिटं बसा. विकणारा चहा विचारेल, तो तिथेच बसून घ्या.